दुसरी गोलकीपर: सोलापूर ते लेह, सात महिन्यांचा हिशेब

परत येऊन तीन आठवडे झाले तरी माझं किट अजून गच्चीवर वाळतंय. गोलकीपरचे पॅड एकदा आतून घामाने भिजले की सोलापूरच्या उन्हालाही दाद देत नाहीत. शेजारच्या काकूंनी परवा आईला विचारलं, "ह्या दोन गाद्या कुणाच्या टाकल्यात वर?" आईने सांगितलं, "आमच्या हिच्या. पायाला बांधायच्या." काकूंनी पुढे काही विचारलं नाही.

मलाही हे आइस हॉकीचं सगळं सुरू केलं तेव्हा कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. सोलापुरात बर्फ म्हणजे गोळ्याचा नाही तर मासळी बाजारातला. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते. पुढे कुणाच्या डोक्यात हे खूळ शिरलं तर निदान कुरिअरचा घोटाळा तरी टळेल.

मी सीएची आर्टिकलशिप करते, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी. शाळेपासून इनलाइन हॉकी खेळते, म्हणजे चाकांच्या स्केटवर, सिमेंटच्या कोर्टावर. सातवीत वर्गात सगळ्यांत उंच मी होते आणि स्केटिंग सगळ्यांत कच्चं माझंच होतं, म्हणून सरांनी गोलमध्ये उभं केलं. आपल्याकडचे निम्मे गोलकीपर असेच तयार होत असावेत. जून २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर दोन दिवस अंगठे आणि टाळ्या चालल्या. त्या संघातल्या जवळपास सगळ्या मुली लडाखच्या नाहीतर स्पितीच्या. तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर मेसेज आला: राज्याच्या महिला आइस हॉकी संघासाठी चाचणी, पुण्यात, ६ जुलैला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "गोलकीपर असल्यास कृपया कळवावे." त्या 'कृपया'वरूनच परिस्थिती समजली.

६ जुलैला आषाढी एकादशी होती. आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी पंढरपूर सोडून कुठं जायचं म्हणजे काय, ते सांगायला नको. एसटीचा नाद सोडला आणि पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. चाचणी चाकांवरच होती. खेळाडूंच्या जागा अठरा आणि आलेल्या मुली तीसच्या वर. गोलकीपरच्या जागा दोन आणि आम्ही दोघी. दुसरी पुण्याची, एकोणीस वर्षांची, दोनदा लेहला जाऊन आलेली. आम्ही चाळीस मिनिटं गोल अडवले, बरेच खाल्ले आणि दोघींची निवड झाली. ह्याला निवड म्हणायचं का, हा प्रश्न मी परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत स्वतःला विचारत होते. तरीही सांगते, स्केटिंग बरं येत असेल आणि अंगावर चेंडू आल्यावर डोळे मिटत नसतील तर गोलकीपर व्हा. ह्या एका जागेसाठी रांग नसते.

रांग का नसते, ते हातात यादी पडल्यावर कळलं. लेग पॅड, डाव्या हाताचा कॅचर, उजव्या हाताचा ब्लॉकर, छातीचं आणि दंडांचं कवच, मास्क, मानेचा पट्टा, जाड पँट, गोलकीपरचे वेगळे स्केट, वेगळी स्टिक. हे सगळं ३१ ऑक्टोबरच्या आत आपापलं आणायचं. चाकांवर वापरलेलं माझं किट बर्फावर चालण्यासारखं नव्हतं. पक म्हणजे चेंडूच्या जागी वापरायची चकती. चाकांच्या खेळातला पक प्लास्टिकचा, हलका. बर्फावरचा पक भरीव रबराचा, तीन इंच व्यासाचा, एक इंच जाड, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. तो आणखी उसळू नये म्हणून आधी गोठवून घेतात. दिल्लीच्या एका विक्रेत्याने नव्या किटचा आकडा सांगितला दोन लाख दहा हजार. बाबा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी तो आकडा घरी सांगितलाच नाही.

मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. तिकडे मुलं दर दोन वर्षांनी किटमधून वाढतात आणि जुनं किट गॅरेजमध्ये पडून राहतं. त्याने वापरलेलं किट शोधायला सुरुवात केली. मी माप पाठवलं. इथं पहिली सूचना: पॅडचं माप उंचीवरून घेऊ नका. गुडघ्याची वाटी पॅडच्या मधल्या फुगीर भागात बसली पाहिजे, म्हणून घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं, तेही गुडघा वाकवून. माझे ३३ इंची निघाले.

ऑगस्टमध्ये त्याने कौतुकाने नुसते पॅड कुरिअर केले आणि कागदावर लिहिलं 'गिफ्ट'. बहिणीला पाठवलेली वस्तू, दुसरं काय लिहिणार? पार्सल दिल्लीत कस्टम्सला अडकलं. आधी मेल आला की केवायसी अपलोड करा. केलं. मग मेल आला की आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव जुळत नाही, कारण त्याने घरचं नाव लिहिलेलं. ते निस्तरलं. मग खरी गोष्ट कळली. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून पोस्टाने किंवा कुरिअरने 'भेटवस्तू' म्हणून सामान आणायला बंदी आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी! रक्षाबंधन नुकतंच झालं होतं आणि मी भावाला फोनवर म्हटलं, पॅडला राखी बांधून पाठवायचं होतंस. सतरा दिवसांनी पार्सल उलट्या पावली कॅनडाला गेलं. जाण्यायेण्याचे १४० डॉलर बुडाले आणि ते त्याने भरले. अजून परत केलेले नाहीत, हे हिशेबात धरते.

सप्टेंबर म्हणजे आमच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटचा महिना. रात्री साडेनऊला घरी, तेव्हा सराव कसला! ह्याच महिन्यात ५ तारखेला केन ड्रायडन गेल्याची बातमी वाचली. त्याचं नाव मी ऐकून होते, पण बाकी काही माहीत नव्हतं. डेबिट-क्रेडिटच्या मधे मोबाइलवर वाचत गेले. मॉन्ट्रियलचा गोलकीपर. १९७१ मध्ये नियमित हंगामातले सहा सामने खेळला आणि त्यानंतरच्या बाद फेरीत संघाला स्टॅनले कप, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगचा चषक, मिळवून देऊन सर्वोत्तम खेळाडूही ठरला. मग १९७३-७४ चा अख्खा हंगाम खेळलाच नाही. पैशांवरून क्लबशी जमलं नाही म्हणून टोरांटोच्या एका वकिली फर्ममध्ये उमेदवारी करायला गेला. इंग्रजीत त्यालाही आर्टिकलिंगच म्हणतात! जगातला सगळ्यांत चांगला गोलकीपर वर्षभर माझ्यासारखाच फायली उचलत होता, हे वाचून मी समोरच्या व्हाउचरच्या गठ्ठ्याकडे जरा प्रेमाने पाहिलं. नंतर तो परतला, एकूण सहा कप जिंकला आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. खेळ दुसऱ्या टोकाला असला की स्टिक उभी धरून तिच्यावर हात आणि हातांवर हनुवटी टेकून तो उभा राही. एसटीची वाट बघणारा माणूस थांब्यावर उभा राहतो, अगदी तसा. तो फोटो मी सेव्ह केला.

रजेचं तेव्हाच विचारून घ्यावं, असं ठरवून सरांच्या केबिनमध्ये गेले. २०२३ च्या नव्या नियमांनी आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आणि रजा वर्षाला बारा. माझ्या तीन आधीच गेलेल्या. मला हव्या होत्या सोळा. सर म्हणाले, "ऑडिट संपू दे, मग बोलू." त्याच आठवड्यात ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर गेली. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं आणि मी एकटी रडकुंडीला आलेले, कारण आता 'संपू दे' म्हणजे नोव्हेंबर. शेवटी ठरलं ते असं: उरलेल्या नऊ रजा घ्यायच्या आणि वरचे दिवस ट्रेनिंगच्या शेवटी भरून द्यायचे. आर्टिकल असणाऱ्यांनी हे तोंडी ठरवू नये, मेलवर घ्यावं. मी घेतलं.

महिना संपता संपता आणखी एक भर पडली. २४ सप्टेंबरला लेहमध्ये आंदोलन पेटलं, माणसं गेली, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद. बाबा रोज रात्री बातम्या लावून बसायचे आणि काही न बोलता माझ्याकडे बघायचे.

दिवाळीला मावसभाऊ आला आणि सगळं किट चेक-इन बॅगेत घालून आणलं. सोबत विक्रीच्या पावत्या: ७४५ कॅनेडियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तेचाळीस हजारांच्या घरात. प्रवाशाला पन्नास हजारांपर्यंतचं सामान ड्यूटीशिवाय आणायची मुभा तेव्हा होती. मुंबईला बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने मास्क हातात घेऊन फिरवून पाहिला, पावत्या पाहिल्या आणि "कोण खेळतंय?" एवढंच विचारून सोडलं. वापरलेली वस्तू असली तरी पावती घ्याच, निदान मेलवर लिहून घ्या. ह्या भानगडीत भावाची सवलत सगळी माझ्यावरच खर्च झाली आणि मावशीचा फोन तिकडेच राहिला. मावशी अजून माझ्याशी तुटक बोलते.

किट आलं, पण डाव्या पॅडचा पोटरीचा पट्टा शिवणीतून सुटलेला. सात रस्त्यावरच्या दोन बॅग दुरुस्तीवाल्यांनी नुसतं बघून नाही म्हटलं. बाबा म्हणाले, अण्णाकडे जाऊ. अण्णा पूर्व भागात साखर पेठेच्या आतल्या गल्लीत बसतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मशीनशी दोन्ही. त्यांनी पॅड मांडीवर आडवा घेतला, अंगठ्याने दाबत दाबत वरून खालपर्यंत गेले आणि म्हणाले, "काय बे हे? म्हशीचं गुडघं बांधायलाव काय?" मी सांगितलं, बर्फावर ताशी शंभर किलोमीटरने रबर येतं, ते ह्याने अडवायचं. ते म्हणाले, "मग हे मशीनवर नको, हातानं घालतो." नायलॉनच्या दोऱ्याला मेण चोळलं, आरीने आधी भोकं पाडली आणि एका भोकातून दोन्ही बाजूंनी दोन सुया घालत, प्रत्येक टाक्याला दोरा मनगटाला गुंडाळून ओढत गेले. अठरा टाके, पाऊण तास. शेवटी पट्टा धरून अख्खा पॅड हवेत उचलला, दोन हिसके दिले आणि खाली ठेवला. ऐंशी रुपये. लेहच्या बर्फावर नंतर उजवा बकल तुटला, मास्कचा एक स्क्रू पडला, पण तो पट्टा जसाच्या तसा आहे.

बाबांना मी तिथंच झाक प्लांतची गोष्ट सांगितली. हाही मॉन्ट्रियलचाच, ड्रायडनच्या आधीचा. घरची गरिबी, अकरा भावंडांत थोरला, आईने विणकाम शिकवलेलं. मोठा खेळाडू झाल्यावरही स्वतःच्या टोप्या स्वतः विणायचा. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट तोंडावर बसला. आत नेऊन टाके घातले. मग तो म्हणाला, मास्क घातल्याशिवाय बाहेर येणार नाही. कोच मास्कच्या विरोधात होता, पण तेव्हा संघाबरोबर दुसरा गोलकीपर नसायचा, त्यामुळे इलाज नव्हता. मास्क घालून आला, सामना जिंकला आणि त्यानंतर हळूहळू सगळ्यांनीच घातला. बाबा एवढंच म्हणाले, "विणकर होता म्हण की."

दुसरी एक गोष्ट मात्र मी घरी सांगितली नाही. १९८९ मध्ये क्लिंट मालार्चुक ह्या गोलकीपरच्या मानेवर स्केटची पात फिरली आणि गळ्याची शीर कापली. संघाच्या ट्रेनरने बोटांनी शीर दाबून धरली म्हणून तो वाचला. ती वाचल्यावर मी मानेचा पट्टा सेकंडहँड न घेता नवा घेतला, साडेतीन हजारांचा. बाकी सगळं जुनं घ्या. हा पट्टा आणि मास्कच्या आतला फोम नवाच घ्या.

आता कागदपत्रं. नोंदणीचा फॉर्म, जन्मदाखला, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, चार फोटो, विमा, पालकांचं संमतिपत्र (वय चोवीस असलं तरी), एमबीबीएस डॉक्टरचा फिटनेस दाखला. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव पूर्ण आहे, आधारवर अर्धं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र. शंभराचा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून बंद झालाय, पाचशेचा घ्यावा लागला. नोटरी आणि टायपिंग धरून साडेआठशे. पहिल्यांदा टायपिस्टने 'आइस हॉकी'चं 'आईस ऑफिस' केलं, ते परत काढावं लागलं. अख्खा एक दिवस कोर्टाच्या आवारात गेला.

फिटनेसची गोष्ट जास्त गंभीर निघाली. डॉक्टरीणबाईंनी हिमोग्लोबिन बघितलं: ९.६. त्या म्हणाल्या, "साडेतीन हजार मीटरवर हे घेऊन जाणार? मी सही करणार नाही." मला वाटत होतं, मी तर खेळाडू, मला काय धाड भरलीय! दोन महिने लोहाच्या गोळ्या, जेवणानंतर लगेच चहा बंद आणि आज्जीने रोज दिलेला गूळ-शेंगदाण्याचा लाडू. डिसेंबरच्या शेवटी ११.८ झालं, तेव्हा सही मिळाली. मुलींनो, चाचणीच्या आधी पहिलं काम हे करा. दोन महिने हातात लागतात.

सराव कुठं करायचा? चाकांवर जमिनीवर घसरता येत नाही, पॅड सिमेंटला धरून बसतो. बर्फावर मात्र गोलकीपरचा निम्मा खेळ घसरण्याचा. दोन्ही गुडघे आत वळवून खाली बसायचं, पॅड जमिनीला आडवे लागले पाहिजेत, आणि तसंच एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकायचं. ह्याला बटरफ्लाय म्हणतात. बाबांनी कारखान्यातून रिजेक्ट टॉवेलचा गठ्ठा आणला. घरातल्या शहाबादी फरशीवर पॅडखाली टॉवेल घालून मी रोज रात्री ह्या भिंतीकडून त्या भिंतीकडे. आईचं म्हणणं, इतकी स्वच्छ फरशी दिवाळीलाही नव्हती.

एक मोह मात्र आवरला. गल्लीत कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा येतो, त्याला स्केट दाखवले आणि तो चाक फिरवायलाही लागला होता. नशीब, मी आधी पुण्याच्या मुलीला फोन केला. स्केटच्या पातीला सुरीसारखी एक धार नसते, मधे खोलगट आणि दोन्ही कडांना धार असते. सुरीसारखी लावली असती तर पात कायमची गेली असती.

७ जानेवारी २०२६ ला कर्नाटक एक्स्प्रेस. बॅग माझ्या खांद्यापर्यंतची, २३ किलो. टीसीने तिच्याकडे बघून विचारलं, "आत कोण आहे?" थर्ड एसीत चाळीस किलो नेता येतं, पण आकार बसत नाही, ती सीटखाली जात नाही. रात्रभर बॅग उभी आणि मी तिला टेकून. ८ ला दिल्ली. ९ ला सकाळचं विमान धुक्यामुळे रद्द. विमानतळावर आम्ही वीस मुली आणि वीस बॅगा, रात्री पहाडगंजला एका खोलीत सहा जणी. १० ला विमान मिळालं. जास्तीच्या वजनाचे माझे साडेसहा हजार गेले. छातीचं कवच वजनात धरू नये म्हणून मी ते अंगात घालून वर जॅकेट चढवलं. सुरक्षा तपासणीला सगळं उतरवावं लागलं आणि मागच्या रांगेतले लोक बघत राहिले. हे करू नका.

लेहला उतरलं की पहिले दोन दिवस झोपून काढायचे. मलाही वाटलं होतं, एवढं काय! जिना चढून खोलीत गेले आणि पलंगावर बसून श्वास मोजत राहिले. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ८४. डोकं असं दुखत होतं की कुणी मधोमध आरी लावलीय. अण्णांची आठवण आली. पाणी, सूप, झोप. आणि जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जी मी दोन किलो नेली होती. तिसऱ्या दिवसापर्यंत लडाखी स्वयंपाकीणबाई वाटी घेऊन माझ्या खोलीशी यायला लागल्या.

१२ ला पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. सकाळी सात, उणे चौदा. नैसर्गिक बर्फ, रात्री पाणी सोडून गोठवलेला, त्यामुळे मधे मधे उंचवटे. मी दारातून आत गेले आणि पहिल्या चार सेकंदांत उताणी. किटचा एक फायदा आहे, लागत नाही. उठायला मात्र दोघींनी ओढावं लागलं. समोर लडाखी मुली सराव करत होत्या, दहा-बारा वर्षांच्या. एकीने थांबून मला हात दिला आणि "जुले" म्हणाली, म्हणजे नमस्कार.

गोलकीपरांना शिकवायला एक निवृत्त फौजी होते, सगळे त्यांना 'अचो' म्हणायचे, म्हणजे दादा. बोलणं कमी. त्यांनी पहिल्या दिवशी एकही शॉट मारला नाही. गोलच्या दोन्ही खांबांना एक एक दोरी बांधली आणि दोन्ही टोकं आणून पकपाशी एकत्र धरली. मला म्हणाले, आता दोन दोऱ्यांच्या मधे उभी रहा. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. रेषेवर उभी राहिले तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना हात हात जागा मोकळी. "पुढे ये." दोन पावलं पुढे गेले तर दोऱ्या जवळ येत येत माझ्या दंडांना टेकल्या. पकला आता माझ्याशिवाय काही दिसत नव्हतं. मग अचोंनी पक हाताने माझ्या डावीकडे सरकवला आणि डावी दोरी माझ्यापासून लांब गेली. "आता तू सरक." दीड तास हेच. अकरा वर्षं गोलमध्ये उभी राहून मला हे कुणी दाखवलं नव्हतं. गोलकडे पाठ असताना गोल कुठं आहे ते कळणं, एवढंच ते शिकवत होते.

त्याच दिवसांत सोलापुरात गड्डा. जन्मात पहिल्यांदा सिद्धेश्वरांची यात्रा चुकली. एका दुपारी सरावानंतर आईने अक्षता सोहळ्यातून व्हिडिओ कॉल लावला. नंदीध्वज दिसले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दिसली, मग नेटवर्क गेलं. मी खोलीत एकटी बसून थोडी रडले. पुण्याच्या मुलीने विचारलं तर सांगितलं, उंचीमुळे डोळ्यांत पाणी येतं.

सामने १७ पासून. पहिली गोलकीपर ती, दुसरी मी, हे आधीच ठरलेलं. दुसऱ्या गोलकीपरने संपूर्ण किट घालून बाकावर बसायचं आणि खेळाडू बदलताना बाकाचं दार उघडायचं. तेच खरं काम. माझ्या बाजूच्या दाराची कडी गोठायची, ती मी ब्लॉकरने ठोकून उघडत असे. दोन सामने मी दार उघडलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या सामन्यात सुटल्यासारखं वाटत होतं, दुसऱ्यात चरफडत होते.

रात्री मोबाइलवर अशाच वाट बघणाऱ्यांचं वाचायचे. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये एखाद्या संघाचे दोन्ही गोलकीपर जायबंदी झाले तर म्हणून प्रत्येक सामन्याला एक हौशी गोलकीपर तयार ठेवायचे. तो बहुधा कधीच खेळायचा नाही. २९ मार्च २०१८ ला शिकागोत अशी वेळ आली आणि स्कॉट फॉस्टर हा छत्तीस वर्षांचा अकाउंटंट उतरला. चौदा मिनिटं, सात शॉट, सातही अडवले. दोन वर्षांनी टोरांटोत डेव्हिड आयर्स, वय बेचाळीस, एरवी बर्फ सपाट करायचं यंत्र चालवणारा. पहिल्या दोन शॉटना दोन गोल खाल्ले, पुढचे आठ अडवले आणि त्याचा संघ जिंकला. आणि उलटं उदाहरण ग्लेन हॉलचं. १९५५ ते १९६२ सलग ५०२ सामने, एकही चुकवला नाही, तेही मास्कशिवाय. आणि सामन्याआधी ओकारी ठरलेली. मला मात्र त्यात अकाउंटंट जवळचा वाटला, हे उघडच आहे.

२० ला तिसरा सामना. तीनपैकी दोन पिरियड झाले तेव्हा आम्ही ०-७. पुण्याच्या मुलीच्या मांडीचा स्नायू धरला होता. कोचने माझ्याकडे न बघता "जा" म्हटलं. वीस मिनिटं. दारातून गोलपर्यंतचं अंतर मी कसं कापलं, ते आठवत नाही. पहिला शॉट लांबून, सरळ छातीवर. आवाज आला, पण पक दिसेना, तो माझ्या कोपरात अडकलेला. दुसरा डाव्या पॅडला, अण्णांच्या पट्ट्याच्या जरा वर. तिसरा गोल. मग पुढची काही मिनिटं मी नुसत्या दोन दोऱ्या आठवत होते, डावीकडे, उजवीकडे, पुढे. चौथा गोल तर माझ्याच स्केटला लागून आत गेला. शिट्टी वाजली तेव्हा ०-११. पुण्याची मुलगी लंगडत बाकावरून उठली आणि तिने माझ्यासाठी दार उघडलं. कडी गोठलेली होती, तिला दोन ठोके द्यावे लागले.

२४ ला घरी पोचले. एकूण खर्च, भावाचे बुडालेले पैसे धरून, एक लाख दहा हजारांच्या आसपास. त्यातले साठ माझ्या स्टायपेंडच्या साठवणीतले, बाकी बाबांचे.

२७ ला ऑफिस. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर फाइल, हातात कॅल्क्युलेटर.

"किती गोल खाल्लेस?"

"चार, सर."

"किती आले होते?"

"सतरा."

त्यांनी बटणं दाबली. "म्हणजे अडवले तेरा. शहात्तर पूर्णांक सत्तेचाळीस टक्के." मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सीए इंटरला तरी एवढे पडले होते का गं तुला?" आणि फाइल माझ्याकडे सरकवली.